चारशे वीसची साखर : नासलेल्या उसापासून 'शुगर फ्री' मिठाईपर्यंत

ईद असो, लग्न असो की नव्या दुकानाचा मुहूर्त, मिठाईच्या दुकानात हल्ली एक डबा वेगळा मांडून ठेवलेला असतो. त्यावर 'शुगर फ्री' असे लिहिलेले असते. घरात कोणी ना कोणी मधुमेहाचा रुग्ण असतोच, त्यामुळे हा डबा खपतो आणि साध्या डब्यापेक्षा महागही खपतो. कारखान्यातून बंद येणारा असा एखादा डबा उलटा करून बारीक अक्षरांतला मजकूर वाचून पाहा. पुष्कळदा तेथे एक आकडा दिसेल : ४२०. गिऱ्हाइकाने हा आकडा दाखवून, "शेठ, हे तर सरळसरळ चारशे वीस आहे!" असे म्हटले, तर काय उत्तर द्यावे हे दुकानदाराला सुचत नाही.

उत्तर सोपे आहे. खाद्यपदार्थांत मिसळल्या जाणाऱ्या वस्तूंना आंतरराष्ट्रीय क्रमांक दिलेले आहेत. त्यांत ४२० म्हणजे सॉर्बिटॉल आणि त्याच्या शेजारचा ४२१ म्हणजे मॅनिटॉल. या वस्तूंच्या घराण्याला पॉलिऑल म्हणतात. त्या चवीला गोड आहेत, पण साखर नाहीत. मात्र त्या येतात कोठून, त्यांचा फायदा किती, त्रास किती, आणि विकताना गिऱ्हाइकाला काय सांगावे, हे आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांनी समजून घेणे जरूर आहे. विशेष म्हणजे यातील मॅनिटॉलची गोष्ट आपल्याच उसाच्या फडातून जाते.

झाडाच्या सालीवरची साखर

इटलीच्या सिसिली बेटावर कास्टेलबुओनो आणि पोलीना नावाची गावे आहेत. तेथे अ‍ॅश जातीच्या झाडाच्या सालीवर उन्हाळ्यात चिरा देतात. त्यातून पाझरणारा रस उन्हात वाळून पांढऱ्या कांड्या तयार होतात. त्यांना 'मान्ना' म्हणतात. आपल्याकडे अत्ताराच्या दुकानात मिळणारी शीरखिश्त ही अशीच झाडावर वाळलेल्या गोड रसाची वस्तू. हकीम मंडळी ती सौम्य रेचक म्हणून देत आली आहेत. सिसिलीच्या मान्नाचा उपयोगही युरोपात त्याच कामासाठी होत असे. ही रेचकाची गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे ती कामास येणार आहे.

१८०६ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ प्रूस्त याने या मान्नातून एक गोड पांढरा पदार्थ वेगळा काढला. त्याचेच नाव पुढे मॅनिटॉल पडले. साखरेच्या जातीतल्या फ्रुक्टोजला हायड्रोजनचे दोन अणू जोडले की मॅनिटॉल होते. फरक एवढाच, पण आपले शरीर या मालाला साखर म्हणून सहजासहजी उचलत नाही. त्यातला थोडाच भाग रक्तात जातो आणि तोही बहुतेक तसाच लघवीवाटे बाहेर पडतो. म्हणून रक्तातली साखर त्याने फारशी चढत नाही.

येथे एक शंका दूर करतो. काही पाकिटांवर यांना 'शुगर अल्कोहोल' म्हटलेले असते. ते वाचून आपल्यातले अनेकजण दचकतात. रसायनशास्त्रात अल्कोहोल हे एका मोठ्या कुळाचे नाव आहे. ग्लिसरीनही त्याच कुळातले आहे. सॉर्बिटॉल किंवा मॅनिटॉल म्हणजे दारू नव्हे आणि त्यांनी नशाही येत नाही. तपासायचेच असेल तर त्याच पाकिटात जिलेटिन वगैरे दुसरे काय मिसळले आहे ते तपासावे.

पानावर बसलेला कारागीर

मॅनिटॉल फक्त झाडेच करतात असे नाही. काही जंतूही करतात आणि त्यांतले पुष्कळ जंतू झाडपाल्यावरच राहणारे आहेत. कोबीच्या पानावर, उडदाच्या डाळीवर, फुलांवर, पिकल्या फळांवर आणि उसाच्या कापलेल्या टोकावर त्यांचा मुक्काम असतो. यांना लॅक्टिक आम्ल करणारे जंतू म्हणतात. दह्याचे विरजण लावणारे जंतू याच बिरादरीचे, पण त्यांचा धंदा वेगळा. ते साखर फोडतात आणि जवळजवळ सगळी लॅक्टिक आम्लात बदलतात. त्यांचा हिशोब सरळ आहे.

झाडपाल्यावरचा प्रमुख जंतू म्हणजे ल्युकोनॉस्टॉक मेझेन्टेरॉइडिस. नाव लांबलचक असले तरी ओळख जुनी आहे. इडलीचे पीठ रात्रभरात फुगते आणि आंबते, त्यात मोठा वाटा याचाच. व्हान टीगेम या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये याला हे नाव दिले. हा जंतू साखर फोडतो तेव्हा तीन-चार माल एकदम निघतात : लॅक्टिक आम्ल, कार्बन डायऑक्साइड वायू आणि परिस्थितीनुसार अल्कोहोल किंवा सिरक्यातले आम्ल, म्हणजे असेटिक आम्ल. मॅनिटॉलचे गुपित या 'परिस्थितीनुसार'मध्ये आहे.

हमालाच्या डोक्यावरचे ओझे

ही गोष्ट व्यापाऱ्याला चटकन समजेल, कारण ती जमाखर्चाची आहे. जंतू ग्लुकोज फोडतो तेव्हा त्यातून हायड्रोजन सुटतो. हा हायड्रोजन वाहून नेण्यासाठी पेशीत ठरावीक हमाल आहेत. त्यांची संख्या थोडी आहे. हमालाच्या डोक्यावर ओझे चढले की ते कोठेतरी उतरवलेच पाहिजे. नाही तर दुसरे पोते उचलायला हमाल मोकळा होत नाही आणि गोदामाचे सगळे काम ठप्प होते.

जवळ दुसरे काही नसेल तर जंतू हे ओझे आपल्याच अर्धवट तयार मालावर उतरवतो आणि त्याचे साधे अल्कोहोल होते. ओझे उतरले, पण माल फुकट गेला. शेजारी फ्रुक्टोज असेल तर मात्र तो हायड्रोजन फ्रुक्टोजवर टाकतो आणि फ्रुक्टोजचे मॅनिटॉल होते. मग वाचलेल्या अर्धवट मालाचे असेटिक आम्ल होते आणि त्या सौद्यात जंतूला जास्तीची ऊर्जा मिळते. एक ग्लुकोज आणि दोन फ्रुक्टोज घालावेत, तर दोन मॅनिटॉल, एक लॅक्टिक आम्ल, एक असेटिक आम्ल आणि थोडा वायू निघतो. वही दोन्ही बाजूंनी जुळते.

म्हणजे मॅनिटॉल हा जंतूने कोणासाठी केलेला गोड माल नाही. ती त्याची ओझे उतरवण्याची जागा आहे. आपण त्याच ओझ्याला मिठाईत घालतो.

फुलांवरच्या काही जंतूंची तर याहून बिकट अवस्था आहे. २००८ मध्ये एंडो आणि ओकादा या जपानी शास्त्रज्ञांनी अशा जंतूंचे वेगळे घराणे ठरवून त्याला फ्रुक्टोबॅसिलस असे नाव दिले. याच घराण्यातला एक जंतू दक्षिण आफ्रिकेत नॅस्टर्शियमच्या फुलावर सापडला. फुलांत आणि फळांत फ्रुक्टोज भरपूर. पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहून या जंतूंनी अल्कोहोलकडे जाणारा रस्ताच सोडून दिला आहे. त्यासाठी लागणारे जनुक त्यांच्यात पूर्ण राहिलेले नाही. त्यामुळे नुसते ग्लुकोज दिले तर ते धड वाढत नाहीत, हमाल ओझ्यासकट उभे राहतात. फ्रुक्टोज दिले की लगेच कामाला लागतात आणि मॅनिटॉल सोडतात. एकाच गिऱ्हाइकावर सगळा धंदा उभारणाऱ्या दुकानदाराने यातून काय घ्यायचे ते घ्यावे.

उसाच्या फडातले नुकसान

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. गळीत हंगामात ऊस तोडला, मोळ्या बांधल्या, पण गाडी कारखान्याच्या आवारात थांबून राहिली, तर कापलेल्या टोकांतून ल्युकोनॉस्टॉक आत शिरतो. उकाडा आणि ओल असेल तर तो झपाट्याने वाढतो. यंत्राने तोडलेल्या उसाचे लहान तुकडे होतात, म्हणजे टोके जास्त आणि आत शिरायला दरवाजेही जास्त.

उसातली साखर म्हणजे एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज यांची जोडी. हा जंतू आपल्या अंगाबाहेर एक पाचक द्रव्य सोडून ती जोडी तोडतो. ग्लुकोजचे दाणे ओवून लांब माळ करतो. ती माळ म्हणजे डेक्स्ट्रान नावाचा बुळबुळीत चिकट पदार्थ. सुटलेल्या फ्रुक्टोजवर हायड्रोजनचे ओझे उतरवतो. ते झाले मॅनिटॉल. म्हणजे ज्या साखरेसाठी शेतकऱ्याने वर्षभर पाणी दिले, तिची एक बाजू चिकटा झाली आणि दुसरी बाजू भलत्याच मालात गेली.

डेक्स्ट्रानने रस घट्ट होतो, गाळणी तुंबते, उकळायला वेळ लागतो, साखरेचे दाणे लांबट सुईसारखे होतात आणि जास्त साखर मळीत निघून जाते. त्याहून वाईट म्हणजे तपासणीच फसते. प्रकाशाचा किरण रसातून पाठवून तो किती वळतो यावरून साखरेचे प्रमाण मोजण्याची पद्धत आहे. डेक्स्ट्रान हा किरण साखरेच्या जवळजवळ तिप्पट वळवतो. त्यामुळे शिळ्या उसात नसलेली साखरही यंत्र दाखवते. वजनकाटा खोटा असावा तसाच हा प्रकार, फक्त खोटेपणा माणसाचा नाही, जंतूचा आहे.

यावर मॅनिटॉलनेच एक वाट दाखवली. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या न्यू ऑर्लिन्स येथील प्रयोगशाळेत जिलियन एगल्स्टन यांनी दाखवून दिले की, ऊस किती शिळा झाला याची मॅनिटॉल ही फार संवेदनशील खूण आहे. ताज्या उसात ते नगण्य असते. जंतू लागला की वाढते. रसातले मॅनिटॉल मोजले की उसाचे वय लपत नाही. चोर पळाला तरी त्याच्या चपला दारात राहिल्या, असे म्हणावे लागेल.

गुऱ्हाळवाले आणि रसवंतीवाले बांधव यातून एक गोष्ट विनाखर्च घेऊ शकतात. तोडणी आणि चरक यांतले अंतर जितके कमी, तितका गूळ घट्ट. ऊस सावलीत ठेवावा, तोडायचा कोयता आणि चरकाचे लाट रोज कडक पाण्याने धुवावेत, काल उरलेला रस आजच्या रसात मिसळू नये. चरकाच्या फटीत राहिलेला चिकटा हेच त्या जंतूचे बियाणे.

नुकसानीचा माल इस्पितळात

कारखान्याला नकोसे असलेले हे दोन्ही पदार्थ माणसाचा जीव वाचवण्याच्या कामी आले, हे वाचून आश्चर्य वाटेल. स्वीडनमध्ये साखर कारखान्याच्या चिकट रसावर काम करताना डेक्स्ट्रान शुद्ध करून पाहिले गेले आणि १९४० च्या दशकात ग्रोनवाल आणि इंगेलमन यांनी ते रक्तस्राव झालेल्या रुग्णाला रक्तद्रवाऐवजी तात्पुरते देण्याजोगे केले. मॅनिटॉलचे सलाइन आजही मेंदूची सूज उतरवण्यासाठी शिरेतून दिले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचे नाव आहे. औषधांच्या गोळ्यांतही मॅनिटॉल भरतात, कारण ते हवेतली ओल धरत नाही आणि जिभेवर थंडगार लागते.

माल तयार होतो कसा?

बाजारात येणारे मॅनिटॉल मुख्यतः रासायनिक पद्धतीने करतात. ग्लुकोज-फ्रुक्टोजच्या पाकात निकेल धातूच्या साहाय्याने मोठ्या दाबाखाली हायड्रोजन घालतात. पण या पद्धतीत पाव हिस्सा मॅनिटॉल आणि पाऊण हिस्सा सॉर्बिटॉल निघतो. नुसते शुद्ध फ्रुक्टोज घेतले तरी निम्मे-निम्मे होते. मग दोन्ही वेगळे करण्याचा खर्च येतो.

जंतू मात्र या कामात पक्का आहे. तो फ्रुक्टोजचे मॅनिटॉलच करतो, सॉर्बिटॉल करत नाही. नुसत्या फ्रुक्टोजवर वाढवला तर त्यातला एक तृतीयांश भाग तो स्वतः खातो आणि १०० किलोमागे सुमारे ६७ किलो मॅनिटॉल निघते. खाण्यासाठी वेगळे ग्लुकोज दिले तर बहुतेक सर्व फ्रुक्टोजचे मॅनिटॉल होते. फिनलंडमध्ये आणि अमेरिकेत पिओरिया येथे या शतकाच्या सुरुवातीपासून यावर बरेच काम झाले. पिओरियाच्या कामात बादल साहा हे नाव ठळक आहे. तयार द्रव आटवून थंड केला की मॅनिटॉलचे स्फटिक तळाशी बसतात, कारण ते पाण्यात फार विरघळत नाही.

मग हा धंदा सगळीकडे का पसरला नाही? फ्रुक्टोज महाग आहे, भांडी निर्जंतुक ठेवावी लागतात आणि सोबत निघणाऱ्या दोन आम्लांचे काय करायचे हा प्रश्न उरतो. म्हणून सांगतो, "घरबसल्या शुगर फ्री साखर बनवा" असे म्हणून कोणी यंत्र किंवा विरजण विकायला आला, तर पैसे गुंतवण्यापूर्वी दहादा विचार करावा. हे काम कारखान्याचे आहे, ओसरीवरचे नाही.

बेकरीवाल्यांसाठी

बेकरीच्या धंद्यात मात्र हा जंतू फुकट काम करतो. बाजारच्या यीस्टऐवजी जुन्या खमिरावर रोटी केली तर त्यात यीस्टबरोबर हे जंतूही असतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या आंबट पावाच्या पिठात १९७१ साली ओळखला गेलेला जंतू त्या शहराच्याच नावाने ओळखला जातो. यीस्ट पिठातून फ्रुक्टोज सोडते, हा जंतू त्याचे मॅनिटॉल करतो आणि त्या बदल्यात असेटिक आम्ल वाढते. याच आम्लाने पावाला खमंग आंबट चव येते आणि बुरशी उशिरा लागते. खमिराला वेळ द्यावा लागतो, पण पाव टिकतो.

विकताना काय सांगावे

आता मुख्य मुद्दा. पॉलिऑलला 'निर्धास्त खा' असे म्हणून विकणे बरोबर नाही. डब्यावरचे क्रमांक पुढीलप्रमाणे ओळखावेत.

४२० सॉर्बिटॉल : साखरेच्या सुमारे ६० टक्के गोड, ग्रॅममागे २.६ कॅलरी.
४२१ मॅनिटॉल : साखरेच्या ५० ते ६० टक्के गोड, ग्रॅममागे १.६ कॅलरी.
९६५ माल्टिटॉल : जवळजवळ साखरेइतके गोड, ग्रॅममागे २.१ कॅलरी, पण रक्तातली साखर काही प्रमाणात वाढवते.
९६७ झायलिटॉल : साखरेइतके गोड, ग्रॅममागे २.४ कॅलरी.
९६८ एरिथ्रिटॉल : साखरेच्या ६० ते ७० टक्के गोड, कॅलरी नगण्य.

साखरेच्या ग्रॅममागे ४ कॅलरी असतात. म्हणजे एरिथ्रिटॉल सोडले तर बाकीच्यांत कॅलरी कमी आहेत, शून्य नाहीत. एरिथ्रिटॉलबद्दल २०२३ मध्ये आणि झायलिटॉलबद्दल २०२४ मध्ये अमेरिकेतून अभ्यास प्रसिद्ध झाले. ज्यांच्या रक्तात हे पदार्थ जास्त, त्यांच्यात हृदयविकाराचे प्रसंग जास्त आढळले. दोष याच पदार्थांचा, असे त्यावरून सिद्ध झाले नाही, पण हृदयाच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारून घेणे चांगले.

दुसरे म्हणजे पोट. जे आतड्यात शोषले जात नाही, ते पुढे जाऊन वायू धरते आणि जुलाब लावते. हकीम शीरखिश्त ज्या कामासाठी देत, तेच काम जास्त खाल्लेली शुगर फ्री बर्फी न सांगता करते. अमेरिकेत दिवसाला २० ग्रॅमपेक्षा जास्त मॅनिटॉल पोटात जाण्याची शक्यता असेल तर तशी सूचना डब्यावर छापावी लागते. आपल्याकडेही १० टक्के किंवा अधिक पॉलिऑल असलेल्या पाकीटबंद मालावर रेचक परिणामाची सूचना आवश्यक आहे. लहान मुलांना असा माल बेताने द्यावा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. साखर काढली तरी मिठाईत खवा, मैदा, बेसन, खजूर राहतातच. खव्यात दुधाची साखर आहे, मैद्याचे पोटात ग्लुकोजच होते, आणि खजूर तर साखरच. 'साखर घातलेली नाही' आणि 'साखर नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नियमाप्रमाणे 'शुगर फ्री' म्हणायचे तर १०० ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त असू नये. सुट्या मिठाईच्या ताटावर हाताने लिहिलेली पाटी लावताना हे आठवावे.

आम्ही कापडवाले आहोत. टेरीकॉट विकण्यात पाप नाही. ते टिकते, चुरगळत नाही, गिऱ्हाइकालाही हवे असते. पण टेरीकॉट सुती म्हणून विकले, तर गिऱ्हाईक एका उन्हाळ्यात ओळखते आणि परत येत नाही. तेथे नुकसान सदऱ्याचे होते. मिठाईच्या बाबतीत मात्र विश्वासाने चार तुकडे खाणारा माणूस आजारी असतो आणि नुकसान त्याच्या डोळ्यांचे, मूत्रपिंडाचे, पायाचे होते.

म्हणून डब्यावर ४२० दिसले तर घाबरू नये आणि लपवूही नये. "हे सॉर्बिटॉल आहे, साखरेपेक्षा कमी वाढवते, पण एक-दोन तुकड्यांवर थांबा, आणि यात खवा आहे," एवढे तीन शब्द जास्त बोलायला दुकानदाराला काही खर्च येत नाही. चारशे वीस हा आकडा डब्यावर असला तरी चालेल, तो गल्ल्यावर नसावा.